तेल पाजलेलं उकुलेले

मी आगरदांड्याची, कोळ्याची. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे दिघी आणि मधल्या पाण्यात बाबाची होडी, म्हणजे जन्मल्यापासून माझ्या नाकात दोनच वास, एक सुकटीचा नि दुसरा मोरी माशाच्या तेलाचा, कारण आमच्यात नवं लाकूड तेल पाजल्याशिवाय खाऱ्या पाण्यात घालतच नाहीत, आतून पाजतात, बाहेरून पाजतात, उन्हात ठेवतात नि पुन्हा पाजतात. हे तेलाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तर नबाबाचं राज्य गेलं तेव्हा मी शाळकरी होते, जो तो म्हणायचा आता सगळं आपलंच, आणि मला खरंच वाटलं की आता पेटीपण आपलीच.

पेटी म्हणजे तालुक्याच्या गावातल्या गायनाच्या गुरुजींची. बाबा मला घेऊन गेला, बरोबर पापलेटं नेली. गुरुजी म्हणाले, पोरीच्या हाताला वास येतो रे, तो भात्यात शिरला की निघायचा नाही, तिला अंगणात बसून ऐकू दे. पापलेटं आत गेली, मी बाहेर राहिले. मासा चालतो, मासेवाल्याच्या पोरीचा हात चालत नाही, हा कुठला हिशेब, सांगा मला. बाबानं हात पाठीमागे लपवले, आणि येताना सगळी वाट नुसता ते हुंगत होता.

पुढे मी सातवी पास झाले, गावच्याच शाळेत मास्तरीण झाले, आणि तोच खेळ माझ्या शाळेतल्या पोरींच्या वाट्याला आला. दर वर्षी शाळांचं संमेलन भरायचं, बाकीच्या शाळा पेटी घेऊन यायच्या, आमच्या पोरी नुसत्या टाळ्या वाजवून गायच्या आणि तेच गुरुजी म्हणायचे, कोळ्यांची पोरं, गळा जाड, सुरात यायची नाहीत. त्याचा राग नाही एवढा. राग ह्याचा की पोरींना ते पटायला लागलं. भागी नावाची एक होती, सोनीबाईची, ती रांगेच्या टोकाला उभी राहून नुसते ओठ हलवायची. मी म्हटलं, भागे, आवाज कुठंय? तर म्हणते, बाई, मी बेसूर हाय ना. कुणी सांगितलं? सगळेच सांगतात.

आता उकुलेले कुठून आलं ते ऐका. शेजारी हसनचाचा, सगळा जन्म जहाजावर खलाशी. एकदा सुट्टीला आला तो काखेत एक इवलं लाकडी वाद्य घेऊन, सतारीचं पिल्लू म्हणावं तर तसं नाही, चार तारा, त्याही तातीच्या, म्हणजे आतड्याच्या दोऱ्याच्या, मऊ, बोट कापत नाही. मी विचारलं, चाचा, हे कुणाचं? तो म्हणाला, पार समुद्रापल्याडच्या बेटावरचं, तिकडं मासे मारणारे लोकपण वाजवतात. मासे मारणारे! ह्याला पडदे का, तार इथे दाबली की सूर वर का जातो, भोक कशाला, भोकात आवाज राहतो कुठे, मी त्याचं डोकं खाल्लं. चाचा हसायचा, म्हणायचा, बेटी, पाणी किती खोल ते होडीला विचारत न्हायत, जरा वाजव तर. पण मला सगळ्यात काय आवडलं सांगू, ह्या वाद्यावर आमच्या मुलखात कुणाचाच हक्क नव्हता. कोण म्हणणार की तुमच्या जातीनं ह्याला शिवायचं नाही?

चाचा परत जहाजावर जाताना ते घेऊन गेला, पण बोटं कशी ठेवायची नि निवड कशी करायची ते शिकवून गेला. मोकळी तार छेडायची, मग तारेच्या बरोब्बर मधल्या पडद्यावर दाबून छेडायची, तोच सूर वरच्या अंगानं आला पाहिजे, नाही आला तर ते लाकूड खोटं बोलतं. आणि तार पिळायची खुंटी घसरता कामा नये.

शाळेतल्या पोरींसाठी हेच घ्यायचं ठरलं, गावच्या बायकांनी सुकट विकून वाटा काढला आणि मी नि सोनीबाई बोटीनं मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरलो. वाद्यांच्या दुकानात शेटनं पुढे ठेवलं ते लालभडक, वर माड काढलेला, चंद्र काढलेला. सोनीबाईनं ते उलटंपालटं केलं, मासळीचे कल्ले बघतात तसं, आणि म्हणाली, काय रे भाऊ, माड वाजतो काय ह्यातला? मी मधला पडदा दाबला तर सूर कुठल्या कुठे. शेट म्हणाला, बेन, शीखनाऱ्या पोरांना काय, रमकडूं, खेळणं चालशे, सस्तामां सस्तं घ्या.

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, शेट, उलटं आहे. तयार माणूस खोट्या लाकडालाही सांभाळून घेईल, शिकणाऱ्या पोरीला काय कळणार चूक लाकडाची की बोटाची? ती म्हणणार मीच बेसूर. गरिबाच्या पोराला मोडकी पाटी द्यायची, खोटं वाद्य द्यायचं आणि वर म्हणायचं ह्यांना येत नाही! स्वस्त द्या, साधं द्या, पण खरं द्या.

मग त्यानं आतून दोन साधी तपकिरी काढली, ना रंग ना चित्र, मधल्या पडद्यावर सूर बरोब्बर. मी आधी तिन्हींच्या तारा पिळायला लावल्या, मग पिशवीतली काजळाची डबी काढली, लालभडकावर नि ह्या दोन्हींवर, खुंटीपासून लाकडापर्यंत सलग एकेक रेघ ओढली आणि म्हटलं, आम्ही चहा पिऊन येतो. परत आलो तर तिन्हीतल्या तारा उतरलेल्या, शेट म्हणतो, नवी तार छे, ढीली पडेच. ते खरंच होतं. पण माडवाल्याची रेघ मोडून दोन तुकडे झालेले, खुंटीच फिरलेली, आणि साध्या दोघांची रेघ जागच्या जागी. तीच दोन घेतली. शेट सोनीबाईला विचारतो, आ बेन कोण छे? ती म्हणाली, आमची मास्तरीण हाय, काजळ डोल्यात कमी नि लाकडावर जास्त घालते.

घरी आणून ओसरीवर ठेवली आणि मी विहिरीवर गेले. परत येते तो बाबा एक मांडीवर घेऊन बसलेला, फडक्यानं तेल पाजतोय. आतून, बाहेरून. भोकातून हात जात नव्हता म्हणून काडीला फडकं बांधलेलं! मी ओरडले, बाबा, काय केलंत हो! तो म्हणाला, खारा वारा खाईल गो त्याला, नवं लाकूड हाय. मी तार छेडली, ओल्या पोत्यावर हात मारावा तसा धप्प आवाज. बाबानं तेलकट हात बघितले आणि ते पाठीमागे लपवले. त्या अंगणातल्या दिवसासारखेच. मग मला रडता पण येईना.

गावात दहा तोंडं. मास्तरणीचं होडकं दिघीला कधी जातंय? मांजरं तर पाठच सोडीनात, चाटून चाटून लाकूड चकचकीत केलं. पण भागी म्हणाली, बाई, हे मी घरी नेऊ? ह्याचा आवाज कुणाला ऐकू जायचा न्हाय. मला वाटलं, बघू तर काय होतंय. तिनं त्या मुक्या वाद्यावर बोटं बसवली, कुणी हसायला नाही, कुणी बेसूर म्हणायला नाही, आणि बोटं बसल्यावर मी चांगलं तिच्या हातात दिलं. तिनं छेडलं. मग तोंड उघडून गायली, आणि सूर जागच्या जागी, त्या काजळाच्या रेघेसारखा.

संमेलनात भागी मधोमध बसली. गाणं झाल्यावर गुरुजी उठून आले, त्यांच्या केसांना आवळ्याचं तेल, केसांवरून फिरवलेला तोच हात पुढे करून म्हणतात, बघू हे कसलं वाद्य. भागीनं ते छातीशी धरलं आणि आमच्या वर्गाचा नियम होता तो सरळ सांगितला, गुरुजी, तेलाचा हात लावायचा न्हाय, आधी धुवून या. मी तिला आवरलं नाही, मुद्दाम. गुरुजी गेले हो नळावर, खरंच गेले, धोतराला हात पुसत आले, नि तिनं दिलं.

आता भागी धाकट्यांना शिकवते. सगळ्यांचा आरंभ मुक्यावरच, ते भिंतीतल्या खुंटीला टांगलेलं असतं, खाली मांजर बसलेलं असतं. चौलपासून हरिहरेश्वरपर्यंतची माणसं येतात, पोरासाठी कुठलं घेऊ विचारतात, मी सांगते, चित्र बघू नका, मधला पडदा बघा, खुंटी बघा, काजळ घेऊन जा. माणूस पायरी उतरतो न उतरतो तोच ओसरीवरून म्हातारा बाबा ओरडतो, आणि तेल लावू नका रे! ओरडतो नि हसतो, दोन्ही हात वर करून दाखवतो. तुमच्या घरी पोरं असतील, त्यांचंही भलं होवो. जरा बसा, भागी येईल एवढ्यात.