मानपत्रातली चौथी ओळ

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती सुजय सर, सहकारी आणि थेट मंडणगड-लांज्याहून आलेले माजी विद्यार्थी, सर्वांना सावित्रीचा नमस्कार.

आपल्या महाविद्यालयाची रीत आहे, निरोपाचं मानपत्र सगळ्यांत जवळच्या सहकाऱ्यानं वाचायचं आणि खाली सही करायची. सरांची विद्यार्थिनी आणि मग सहायक, अशी नऊ वर्षं झाली. माझ्याहून जवळचं कोण? पहिल्या तीन ओळी मनापासून वाचल्या. सर उत्तम शिकवतात, वेळेचे पक्के आहेत. माझ्या आईच्या हातचे घावणे त्यांना फार आवडतात, हे मानपत्रात नाही, माझी भर आहे.

चौथी ओळ म्हणते, 'एकट्याच्या चिकाटीने त्यांनी जवळच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला.'

एकट्याच्या? सोबत्याच्या ओढीनं ताऱ्याचं डगमगणं, म्हणजे आपल्याजवळ येणं आणि लांब जाणं, सरांनी मोजलं, हे खरं. त्यावरून त्या सोबत्याचं वजन निघालं गुरू ग्रहाच्या सहापट. पण ते कमीत कमी वजन! जत्रेतलं आडवं फिरणारं चक्र बाजूनं पाहिलं तर माणसं जवळ येतात, लांब जातात. अगदी वरून पाहिलं तर दोन्ही नाही, म्हणून वरून दिसणाऱ्या कक्षेत डगमगणं कमी भरतं आणि वजनही खऱ्याहून कमी निघतं. या सोबत्याची कक्षा आपल्याला जवळजवळ वरूनच दिसते, हे मी ताऱ्याच्या जुन्या-नव्या जागा ताडून दोन वर्षांत काढलं. खरं वजन भरलं गुरूच्या चाळीसपट. म्हणजे ग्रह नव्हेच, पेटायचा राहून गेलेला तारा.

या गणिताचे कागद दिले तेव्हा सर म्हणाले, "घाई नको सावित्री, पुन्हा तपास." मी तपासत बसले आणि त्यांनी सहापटीचा शोधनिबंध छापायला पाठवून दिला. तो छापून आल्याच्या बातमीचं कात्रण प्रयोगशाळेतल्या रघूमामांनी आणलं. "बाय, ह्याच्यात तुजा नाव कुटं हाय?"

नाव गेल्याचं दुःख आहेच. पण खरं वजन माहीत असूनही सरांनी ते लपवलं, हे जास्त लागलं. सर, तुम्ही मला फसवलंत. ग्रह म्हटल्याशिवाय, आज जिथे निघालात त्या मोठ्या संस्थेचं बोलावणं आलं नसतं, एवढंच ना?

या ओळीखाली मी सही करणार नाही. दुरुस्तीचा निबंध सोबत आणलाय. त्यावर दोन नावं आहेत, पहिलं तुमचं, कारण डगमगणं तुम्ही मोजलंत. मान्य असेल तर सही करा. नाहीतर उद्या तो माझ्या नावानं जाईल.

शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. समारंभाचा रंग बिघडला असेल तर अध्यक्षांनी आणि सभागृहानं पोटात घालावं. सरांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. पेन त्यांच्यासमोर ठेवलंय.