बिगर अँड स्वीटर, कोणापेक्षा?

नाय, मला एवढंच सांगा, कोणापेक्षा? द्राक्षं गोड हायेत म्हटलं की झालं ना? मराठीत गोड म्हणजे गोड, कोणाच्या घरात भांडण लागत नाय! पण आमच्या सायलीला, माझ्या पोरीला, इंग्लिशचा क्लास लावला अन् मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तुम्हाला सांगते, पिंपळगावच्या बाहेर हायवेला आमचं द्राक्षाचं दुकान हाय. दुकान म्हणजे काय... चार बांबू, वर हिरवी नेट, खाली क्रेट. शेजारी तसंच दुसरं, ते मोठ्या जाऊबाईंचं, रंगूबाईंचं. बावीस वर्षं आम्ही दोघी शेजारी बसतो. माझा डोळा लागला तर माझं गिऱ्हाईक त्या बघतात, त्या नळावर गेल्या तर त्यांचं मी. अन् दुपारी एकच फडकं सोडायचं, भाकरी माझी, ठेचा त्यांचा. असं सुखानं चाललं होतं हो!

तर सायलीनं नाशकातून फ्लेक्स छापून आणला, 'बिगर अँड स्वीटर ग्रेप्स'. मी म्हटलं, अगं, नुसतं गोड द्राक्षं लिही. तर म्हणे, मम्मी, नुसतं स्वीट कोणी वाचत नाही, आमचे सर सांगतात तुलना करायची, अन् एक गुण नाही, दोन जोडून द्यायचे, मग वजन पडतं. पडलं की वजन! माझ्याच डोक्यात पडलं!

जाऊबाईंनी एका गाडीवाल्याला अर्थ विचारला, अन् कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभ्या. "जास्त मोठी अन् जास्त गोड? कोणापेक्षा गं, लंका?"

मी म्हटलं, बाई, तसं काय नाय, इंग्लिश हाय ते.

"इंग्लिशमधी समोर कोणी नसतं का? इथं दुकानं दोन. एक तुझं. मग उरलं कोण?" वर म्हणतात, "नुसती गोड म्हटली असती तर सोसलं असतं. मोठी पण तुझीच अन् गोड पण तुझीच, मग माझ्या वाट्याला ठेवलं काय? देठ?"

अन् राग कशाचा येतो ठाऊक हाय? माल एकच! एकाच मळ्यातला! सकाळी मोठे दीर टेम्पो उभा करतात, अर्धे क्रेट इकडं उतरवतात, अर्धे तिकडं. मग मोठी कोणापेक्षा? गोड कोणापेक्षा? त्या वेलीला तरी माहीत हाय का, कोणता घड लंकाबाईचा अन् कोणता रंगूबाईचा?

चौथ्या दिवशी त्यांचा फ्लेक्स लागला. 'फ्रेशर अँड चीपर ग्रेप्स'. छापून आणला कोणी? माझ्याच सायलीनं! मोठ्या आईनं सांगितलं म्हणून! "मम्मी, त्यांनी पण दोनच मागितले, जोडून." फ्रेशर म्हणे... म्हणजे माझी शिळी? एकाच टेम्पोतून उतरलेली?

अन् गिऱ्हाईक! गाडीतून उतरायचं, हा फ्लेक्स वाचायचं, तो वाचायचं, अन् मलाच विचारायचं, मोठी अन् गोड इथं, ताजी अन् स्वस्त तिथं, मग सगळं एका ठिकाणी कुठं मिळेल? अन् गाडीत बसून ओझरच्या बाजूला निघून जायचं!

ते जाऊ द्या, माल काय, आज ना उद्या खपतो. पण दुपारी... मी इकडं तोंड करून भाकरी खायची, त्यांनी तिकडं तोंड करून ठेचा. कोरडी भाकरी गिळवत नाय हो. बावीस वर्षांत पहिल्यांदा एकटी जेवले. लय वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी मीच उठले. फ्लेक्स काढला, उलटा करून क्रेटवर झाकला, अन् फडकं घेऊन त्यांच्यापुढं जाऊन बसले. त्या उठल्या, त्यांचा पण उतरवला, अन् माझ्या भाकरीवर ठेचा ठेवला. माझे डोळे भरून आले हो... अन् त्या भरात तोंडातून निघून गेलं, "बाई, आज ठेचा जास्त चांगला झालाय."

त्यांचा घास हातातच थांबला.

"जास्त? कोणत्या दिवसापेक्षा गं?"

तेव्हापासून जेवताना मी नुसती मान हलवते.