नदीकडचं दार

मी, भिवराबाई भ्र. किशनराव गडदे, वय अंदाजे ७५ वर्षे, धंदा मेंढ्या राखणे, रा. नवी हिवरवाडी, ता. जिंतूर, जि. परभणी, ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून सांगते की,

येलदरी धरणात आमचे जुने गाव बुडाले तेव्हा मी बारा वर्षांची होते. यंदा पाणी लय खाली गेले व गावाची जागा उघडी पडली. परभणीच्या चित्रकार दीपिका यांनी आम्हा म्हाताऱ्यांना विचारून तिथे वाळल्या गाळावर पांढऱ्या फक्कीने सगळी घरे आखली. त्याला प्रदर्शन म्हणतात, असे मला सांगण्यात आले.

काल सकाळी नऊच्या सुमारास मी तिथे गेले. भिंती नव्हत्या, नुसत्या रेघा. तरी रेघ कोणी ओलांडत नव्हते, जो तो दारातूनच आत शिरत होता. गावातले व्यंकटराव आमच्या दारात चप्पल काढून खाकरले व "हाय का कुणी?" म्हणाले. मी "या" म्हणाले. बाहेर ऊन होते, आत गार वाटले. चुलीच्या जागेवर मी आडवी झाले. डोळा लागला. आईच्या भाकरीचा वास आला. लिहायचे नसेल तर नका लिहू, पण आला.

जागी झाले तेव्हा ध्यानात आले की दार उगवतीला आखले आहे. आमचे दार नदीकडे होते. पाणी चढायच्या आधी माझा बाप मल्हारी मेंढरे घेऊन चराईला गेला, तो आलाच नाही. आई म्हणायची, "आला आसंल, पाणी बघून माघारी फिरला आसंल." त्याला घर दारावरूनच ओळखू येणार. वडील आज किती वर्षांचे असतील, असे साहेबांनी विचारले. ते मी मोजलेले नाही.

म्हणून मी पायाने नदीकडची रेघ पुसली. प्रदर्शनाचे व्यवस्थापक योगीराज ओरडले, "आजी, कलाकृतीची नासधूस करायलाव!" मी म्हणाले, "माझ्या घराला मी दार पाडायले, तुझ्या बापाचं काय गेलं?" हे रागात बोलले, त्याचे वाईट वाटते. दीपिकाबाईंनी फक्कीचे घमेले माझ्यापुढे ठेवले. उगवतीचे दार मी माझ्या हाताने बुजवले.

तक्रार योगीराज यांची आहे. माझी विनंती एवढीच की पाणी चढेपर्यंत नदीकडची रेघ कोणी पुन्हा जोडू नये.

लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. फक्त वर पत्ता चुकला. रा. जुनी हिवरवाडी, दार नदीकडे, अशी दुरुस्ती करून घेतल्यावर अंगठा देत आहे.