बुडाला दोन तारा

चौथीच्या बाई : हाही बल्ब गेलेला आहे, सर. दुसरा द्या.

प्रशिक्षक : बाई, हा तिसरा. मघाचे दोन्ही मी त्या टेबलावर लावून आलो. लख्ख लागले.

चौथीच्या बाई : मग सेल संपला असेल.

पहिलीच्या बाई : ताई, सेल माझाच घेतलाय तुम्ही. त्याच्यावर माझा लागला की आत्ता.

चौथीच्या बाई : तू गप गं. सर, सांगून टाका ना! दहा मिनिटांत मुलं येतील, मोठ्या बाई मागे खुर्ची टाकून बसतील, आणि नमुना पाठ नेमका माझ्या वाट्याला.

प्रशिक्षक : सांगितलं की संपलं. हातानं शोधा. तारा कुठे धरल्यात?

चौथीच्या बाई : धरायच्या तिथेच. दोन्ही बल्बच्या बुडाला. बावीस वर्षं फळ्यावर हीच आकृती काढतेय, डोळे मिटून काढीन.

पहिलीच्या बाई : आणि लावून किती वेळा बघितला?

चौथीच्या बाई : काही मोडलं तर नाव कुणाचं येणार? विज्ञानाची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. तुला काय ठाऊक नाही? आई गं! तार तापली!

प्रशिक्षक : तापली ना? म्हणजे वीज वाहतेय, फक्त बल्बात शिरत नाहीये. बघा, मी पलीकडे आहे.

चौथीच्या बाई : गेले बघ हे! तू घेतेस का पाठ? सांगू, माझं डोकं दुखतंय म्हणून.

पहिलीच्या बाई : मोठ्या बाई ऐकायच्या नाहीत! किती घट्ट धरल्यात तारा. जरा हलके धरा.

चौथीच्या बाई : थांब, निसटली एक... अगं! लागला! काय केलं मी?

पहिलीच्या बाई : ती तार घसरून बल्बच्या बाजूच्या पत्र्याला टेकली. एक बुडाला, एक बाजूला.

चौथीच्या बाई : म्हणजे आकृतीच चुकीची.

पहिलीच्या बाई : असेना का! नुसता लावून दाखवा, फळ्याकडे वळूच नका. कुणाला पत्ता लागणार नाही.

चौथीच्या बाई : मुलं कुठल्या वर्गाची येणारेत?

पहिलीच्या बाई : पाचवीची. तुमचीच की, मागच्या वर्षीची.

चौथीच्या बाई : मग ती चष्मेवालीही असेल. तिनं घरी जोडून बघितलं होतं. म्हणाली, बाई, तुमच्यासारखंच केलं, नाही लागला. मी म्हटलं, तुला तारा नीट धरता येत नाहीत. सगळा वर्ग हसला. नंतर वर्षभर तिनं हात वर केला नाही गं.

पहिलीच्या बाई : लहान पोर ती, विसरली असेल.

चौथीच्या बाई : मी कुठे विसरलेय?

पहिलीच्या बाई : ताई, मोठ्या बाईंच्या देखत काही बोलू नका हं. विज्ञान काढून घेतील तुमच्याकडून.

चौथीच्या बाई : तीच तर भीती वाटतेय. दुसरं काय येतं मला? पाणी दे घोटभर.

(दार उघडतं. मुलं रांगेनं आत येतात, त्यांच्या मागून मोठ्या बाई.)

चौथीच्या बाई : या, बसा. तू मागे नको गं जाऊस, इथे ये, माझ्याजवळ. मुलांनो, मागच्या वर्षी बल्बची आकृती मी चुकीची शिकवली. हिनं तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.