ज्वालेसमोरची खिडकी

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्हाला फार चौकशा! अहो, भिंतीला भिंत लागून घर, शेजारच्या वहिनींना खोकल्याची उबळ आली की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरतात, मग चौकशी करायची नाही? मला काय करायचंय म्हणा... पण तुम्हाला सांगते, त्या खोकल्याचं मूळ समोरच, गॅसच्या कारखान्यातल्या उंच नळकांड्यावर ज्वाला होऊन चोवीस तास धडधडत होतं! उरलेल्या गॅसला जोर कमी, तो दाबून पुढे पाठवणारं मशीन, म्हणजे कॉम्प्रेसर, घेत नाही, मग काय, द्या पेटवून! काजळी थेट वहिनींच्या खोलीत. चौदा वर्षं खिडकी बंद!

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, तिथेच कॉम्प्रेसरवर. साहेबांच्या हात धुऊन मागे लागले, इजेक्टर बसवा, इजेक्टर बसवा! म्हटलं, हे काय असतं बाई? तर माझ्याच स्वयंपाकघरात ग्लासात एक नळी उभी धरली, तिच्या तोंडावर दुसरीतून आडवी फुंकर मारली... पाणी सरसर वर आणि फवारा माझ्या चष्म्यावर! "बघितलंत? तसा जोराचा गॅस अरुंद तोंडातून सोडायचा, तो जाता जाता या मरतुकड्या गॅसला ओढून नेतो, दोघं मिळून कॉम्प्रेसरमध्ये. जाळायला उरतंय काय?"

सहा वर्षं अर्ज! साहेबांचं एकच, "विचार चालू आहे." शेवटी बसवला, आणि काय सांगू, ज्वाला एवढीश्शी झाली, करंगळीएवढी! वहिनींनी खिडकी उघडली, मला हाक मारली, "अहो, लवकर या, वारा आलाय!" महिनाभर खोकला नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, पण मला काय करायचंय म्हणा...

मग आली वरच्या ऑफिसची मंडळी. "ज्वाला कुठाय?" साहेब म्हणाले, "विझवली ना सर!" "अहो, पण दिसल्याशिवाय विझवली हे कळणार कसं?" झालं! साहेब भाऊजींना म्हणतात, "अर्धा तास बंद करा तो इजेक्टर. आधी भडका दाखवू, मग विझवून दाखवू." भाऊजींनी स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह फिरवला हो! भडका उडाला, विझला, टाळ्या!

आता गाजावाजा असा, की दिवसाआड पाहुणे. चहा येतो, भाषणं लांबतात, अर्ध्या तासाचे तीन तास होतात, आणि इकडे वहिनी खिडकीच्या फटीत फडकी कोंबत बसतात! गॅस वाचवला हे दाखवायला गॅस जाळायचा... मला काय करायचंय म्हणा, पण याला काही अक्कल?

परवा वहिनींना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. भाऊजींनी बदलीचा अर्ज टाकला. साहेबांनी खुर्ची दिली, पाठ थोपटली, आणि म्हणाले, "तुम्हाला कसं सोडू हो? तो इजेक्टर तुमच्याइतका छान बंद करता येतोय कुणाला?"