न घेतलेली भांग

आमचं मूळ साताऱ्याकडचं, आजोबा रेल्वेत होते म्हणून इकडे आले, मी मात्र उज्जैनचाच, बोलायला लागलो की अर्धी हिंदी येते, सांभाळून घ्या. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान, सगळे मास्टरजी म्हणतात, आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्यांना हेही ठाऊक की मास्टरजी दिवेलागणीला हरभऱ्याएवढी भांगेची गोळी घेतात. इथे त्याचं काही नाही हो, देवळातल्या बाबाचा प्रसाद म्हणून घेतात लोक. माझी बायको सुधा स्वतः हातावर ठेवायची, भांगेची एक आणि बीपीची एक. ती गेल्यापासून भांगेची बरोब्बर आठवायची, बीपीची राहून जायची.

तर त्या दिवशी दुपारी ब्लाउज कापत होतो, एकदम डोक्याच्या मागे, मानेच्या वर, मुसळ घातल्यासारखं दुखलं, दुकान गरगर फिरायला लागलं, उठलो तर तोल डावीकडेच जातो, ओकारी झाली, जीभ जड. समोरचा चहावाला हसला, मास्टरजी, आज दोपहर से ही? मी म्हणतोय घेतली नाही रे, बाबा की कसम नहीं ली, पण जीभच अडखळत होती, जितकं म्हणेन तितकं लोक हसतात. कुणी लिंबू चाटवलं, कुणी लोणचं, मग ऑटोत घालून माधव नगरला घरी आणून झोपवलं, सो जाओ, उतर जाएगी. लोक चांगलेच, उशीसुद्धा नीट दिली. मी पडून विचार करतोय, सुधा असती तर म्हणाली असती, नाही घेतली ह्यांनी, मी दिलीच नाही. तेवढं बोलायला माझं कुणी नव्हतं.

ओकाऱ्या थांबेनात म्हणून शेजारच्या भाभींनी दवाखान्यात नेलं. तिथे विचारलं, क्या लिया है? भाभी साध्याभोळ्या, बोलल्या, भांग तो रोज़ लेते हैं. झालं, सलाईन लावून एका कोपऱ्यात टाकलं. मग एक डॉक्टरीण आली, माझ्या मुलीहून लहान असेल, म्हणाली, काका, मेरी उँगली छुओ, फिर अपनी नाक. उजवा हात बरोबर गेला, डावा कानाकडे. पुन्हा करायला लावलं, पुन्हा कानाकडे. ती म्हणाली, नशा दोनों हाथों में होता है, इनका तो एक ही हाथ भटक रहा है. मग मला विचारलं, आज ली थी? मी मान हलवली. म्हणाली, ठीक है, नहीं ली. मला रडू आलं हो.

तिने लगेच स्कॅन काढलं. मागे लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा, त्यात रक्त साकळलेलं, ते डोक्यातल्या पाण्याची वाट अडवत होतं, उशीर झाला असता तर श्वासच थांबला असता म्हणे. इंदूरला नेलं, मागून कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. मुलगी नागपूरहून आली, सुट्टी होती तोवर राहिली, गेली. तिलाही संसार आहे.

आता कात्री चालत नाही, काज-बटन करतो, भिंत धरून चालतो. त्या डॉक्टरणीचं भलं होवो, सोन्यासारखा नवरा मिळो तिला. आणि रोज सकाळी बीपीची गोळी घेतली की मी गच्चीवरून ओरडून सांगतो, भाभी, गोळी घेतली हो. त्या म्हणतात, हाँ भैया. कुणाला तरी ठाऊक असावं. सध्या त्या माहेरी गेल्यात, घराला कुलूप आहे, तरी सांगतो.