चारही गिअर मागचे

अगं, नुसतं ऐक. इंग्लंडात डडलीला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे ना, तिथे आपली रोवीना रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा-म्हातारी, डेस्मंड आणि ग्लेनिस. डेस्मंड घरीच गाडी बनवतोय, तिच्या गिअरबॉक्सवरून दोघांचं चाललेलं.

"डेस, पुढच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स घे. इंजिनासकट उचलायचा, मागच्या चाकांपुढे ठेवायचा, झालं!"

"आणि माझा जुन्या बीटल गाडीचा? अख्खा हिवाळा घासून बसवलाय मी तो."

"बसवलास रे. पण इंजिन मागच्या चाकांमागून पुढे आणलंस, गिअरबॉक्स उलटा फिरवलास, आणि आतलं मोठं दातेरी चक्र पलटायचं विसरलास! अख्ख्या गल्लीदेखत गाडी मागे पळाली."

"चारही गिअरमध्ये!"

"पाद्रीबाई कुंपणावर चढल्या."

"पण एक तरी गिअर खडखडला का? लोण्यासारखे पडले."

"तेच तर मी सगळ्यांना सांगत फिरते."

"सांगतेस?"

"मग! घरी गाडी बनवणारा नवरा आहे कुणाचा?"

"बोला काका, कुठला गिअरबॉक्स काढू?" काउंटरवरच्याने विचारलं.

"गिअरबॉक्स नको. बीटलच्या बॉक्सच्या झाकणाखालचं गॅस्केट दे. माझाच उघडून ते चक्र पलटतो."

"दोन दे रे," ग्लेनिस म्हणाली. "एक हा फाडणारच."

तू ग्लेनिसच्या जागी असतीस, तर काय घ्यायला लावलं असतंस गं?